चामड्यावर इस्त्री

नागपुरात चामड्याचं जाकीट घालणं ही निव्वळ हौस. थंडी येते डिसेंबरात आणि संक्रांतीचे तीळ संपेपर्यंत निघूनही जाते. बाकी वर्षभर माणूस बनियनवर बसून पंख्याला शिव्या देतो. पण हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि माझ्या मामाच्या हौसेला तर मुळीच नव्हतं. मामा लष्करात ट्रक चालवायचा. मी मॅट्रिक होऊन कॉलेजात गेलो त्या वर्षी सुट्टीवर येताना त्यानं वाटेत कानपूरला उतरून माझ्यासाठी जाकीट घेतलं. तपकिरी, गुळगुळीत, आतून अस्तर लावलेलं, पुढे पितळी चेन. सगळी वस्ती बघायला आली. एकानं तर वास घेऊन पाहिला आणि साहेबाच्या मोटारीसारखा येतो म्हणाला.

बाबांनी मात्र जाकिटाला हात लावला नाही. उमरेडकडच्या ज्या गावातून आमचं घर नागपूरला आलं, तिथे मेलेलं ढोर ओढून नेण्याचं काम आमच्या लोकांवर होतं. माझ्या आज्यानं ते सोडलं, त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला, आणि शेवटी गावच सोडलं. तेव्हापासून घरात चपलेपलीकडे चामडं आलं नव्हतं. मामानं त्यांची समजूत घातली. "भाऊजी, हे काय कातडं हाय का? साहेब लोक घालते हे." मग बाबांनी जाकीट उलटंपालटं करून शिवण पाहिली, अस्तरावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "नवंच हाय ना? कोणाच्या अंगातलं तं नाही?"

हा प्रश्न ते प्रत्येक कपड्याबद्दल विचारत. लहानपणी त्यांना कायम दुसऱ्यांनी टाकलेले, उतरलेले कपडे मिळाले. खास त्यांच्या मापाचं, त्यांच्यासाठी फाडलेलं पहिलं कापड म्हणजे छप्पन साली दीक्षेसाठी शिवलेला पांढरा सदरा आणि पायजमा. त्यानंतर आमच्या घरात दोन गोष्टी रोजच्या झाल्या, फोटोपुढे मेणबत्ती आणि कपड्यांना इस्त्री. इस्त्री पितळेची, कोळशाची, इतवारीतून निवडून आणलेली. बाबा मिलमध्ये कातखात्यात होते. भुवयांत कापूस अडकलेला अशा अवतारात घरी येत, आंघोळ करत, इस्त्रीचा सदरा घालत आणि मगच बाहेर बसत. माझ्या शर्टांना, मायच्या पोलक्यांना, उशांच्या खोळींना, एवढंच काय, बनियनलासुद्धा इस्त्री असे. "चार लोकांत जायचं तं घडी दिसली पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं. घडी दिसली की माणूस दिसतो, असा त्यांचा हिशेब होता आणि तो त्यांनी जन्मभर मोडला नाही.

त्यामुळे कॉलेजात माझं नाव पडलं 'इस्त्री'. बाकीची पोरं चुरगळलेल्या बुशशर्टात येत, केस कपाळावर घेत, आणि त्यांचं ते गबाळेपण मोठं ऐटबाज दिसे. मी आपला कडक घडीचा शर्ट घालून बाकाच्या टोकाला बसायचो. ज्या टोळक्यात मी बसायचो त्याचा म्होरक्या धरमपेठेतल्या एका वकिलाचा मुलगा होता. तो नाटकं लिहायचा, बसवायचा, म्हणून सगळे त्याला 'दिग्दर्शक' म्हणत. त्याच्याशेजारी बसायला मिळावं म्हणून मी कँटीनमध्ये जागा धरून ठेवायचो. चहा आला की ती जागा दुसऱ्याच कोणाची असायची.

त्या वर्षीच्या गॅदरिंगसाठी त्यानं तुरुंगातून सुटलेल्या एका ट्रक ड्रायव्हरचं नाटक लिहिलं. सिनेमाचं त्याला वेड. नायकाच्या अंगावर सिनेमात असतं तसं जाकीट हवं, असा त्याचा हट्ट होता: कोपरावर झिजलेलं, खांद्यावर पांढरं पडलेलं, उन्हातान्हात दहा वर्षं काढलेलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात थंडी पडली आणि मी मामाचं जाकीट घालून कॉलेजात गेलो. दिग्दर्शकानं मला पायऱ्यांवरच थांबवलं. पहिल्यांदाच त्यानं मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारली.

"एक नंबर आहे यार! पण फारच नवं आहे. जुनं करावं लागेल."

"करू ना," मी म्हणालो.

मोबदल्यात मला हवालदाराचं काम मिळालं. संवाद एकही नाही. हातात काठी घेऊन दाराशी उभं राहायचं. "ड्रेसची इस्त्री तू बघशीलच," असं तो म्हणाला आणि सगळे हसले. मला ते हसणंही आवडलं, कारण ते आपल्यातल्या माणसाला हसतात तसं होतं. निदान मला तसं वाटलं.

वकिलांच्या बंगल्यामागच्या बागेत आम्ही ते जाकीट जुनं करायला घेतलं. पहिल्यांदा वीट. विटेनं रंग निघाला, पण ओरखडे मांजरानं बोचकारल्यासारखे दिसायला लागले. मग मी लकडगंजच्या एका आरागिरणीतून काचकागद आणला. जाकीट ओल्या मातीत लोळवलं, वाळवलं, झटकलं, खोबरेल तेल कोमट करून चोळलं. खिसे लोंबावेत म्हणून त्यांत दगड भरून ते दोरीवर टांगलं. खाली काढलं की एक जण त्याच्यावर बसून अभ्यास करायचा. कोपरं काही केल्या झिजेनात. तेव्हा बाही दगडी पायरीच्या कडेवर ताणून पुढेमागे ओढायची, ही युक्ती मी काढली. कोपर झिजून आतलं फिकट, केसाळ कातडं वर आलं. "वा! हेच पाहिजे होतं!" दिग्दर्शक ओरडला. मला इतका आनंद झाला की मी दुसरी बाही आपणहून घेतली.

नायकाचं काम करणारा पोरगा झोपाळ्यावर लोळत होता. तो तिथूनच म्हणाला, "अबे, याला बरं जमतं चामड्याचं काम! हात बसलेला दिसतो याचा."

 मग सगळे हसले. तो मुद्दाम बोलला की सहज तोंडातून गेलं, हे मला आजही सांगता येत नाही. मी वर पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते, मी हसतो का ते बघत होते. मग मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं हसलो, आणि हसता हसता ती बाही आणखी जोरात ओढली. दिग्दर्शकाच्या आईनं चहा पाठवला. तो मी प्यालो. 

जाकीट नाटकापर्यंत तिथेच राहिलं. घरी मी सांगितलं होतं की नाटकासाठी दिलंय. काय करायला दिलंय ते सांगितलं नव्हतं, कारण बाबांनी विचारलंच नव्हतं. आपला मुलगा नाटकात आहे एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मुलींना वेळेत घरी जाता यावं म्हणून गॅदरिंगची नाटकं दुपारीच होत. बाबा पाळी बदलून घेऊन आले. पांढराशुभ्र सदरा, धारदार घडीचा पायजमा, मागच्या रांगेतली खुर्ची. मी काठी घेऊन आलो तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या हॉलमध्ये त्यांच्या एकट्याच्याच टाळ्या.

मग नायक आला. बाबांनी जाकीट ओळखलं. माझं तिथे उभं राहण्याशिवाय काही कामच नव्हतं, त्यामुळे मला त्यांचं तोंड सबंध नाटकभर दिसत होतं. शेवटी नायक चिडून जाकीट काढतो, जमिनीवर आपटतो आणि तुडवतो, असा प्रसंग होता. त्यानं ते तुडवायला सुरुवात केली आणि बाबा खुर्चीतून अर्धे उठले. मागे उभ्या असलेल्या कोणी तरी "बैठो ना चाचा!" म्हटलं. ते बसले.

परत जाताना ते सायकल हातात धरून चालत होते. जाकीट मी वर्तमानपत्रात गुंडाळून घेतलं होतं. त्यांनी ते काढून घेतलं, उघडलं आणि हँडलवर टाकलं. सीताबर्डी आल्यावर त्यांनी विचारलं,

"त्यायनं हिसकलं का गा तुयापासून?"

"नाही बाबा."

"घाबरू नोको. हिसकलं असंन तं सांग. उद्या म्या येतो कॉलेजात."

"नाही ना. मीच देल्लं."

"आन् असं करून ठेवलं त्यायनं?"

"त्यायनंबी केलं, मीबी केलं. कोपरं तं मीच घासली."

"काहून?"

"जुनं दिसाव म्हणून."

ते थांबले. त्यांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग ते चालायला लागले आणि बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जुने कपडे तं आमाले फुकट भेटत होते, बाबू."

पोरांनी हिसकावून घेतलं असतं तर ते त्यांना कळलं असतं. तसं त्यांनी पाहिलेलं होतं, आणि त्यावर काय करायचं हेही त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून ते प्राचार्यांसमोर उभे राहिले असते आणि हटले नसते. पण मी खरं बोललो आणि त्या खऱ्याचं काय करायचं हे काही त्यांना सुचेना. मी त्यांच्यामागून खाली मान घालून चालत होतो. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

रविवारी सकाळी मायनं मला दळण आणायला पाठवलं. डबा खांद्यावर घेऊन मी गल्लीत शिरलो तर वास आला. केस जळल्यासारखा, पण त्याहून जड. शेजारच्या बाया पदर नाकाला लावून दारात उभ्या होत्या. वास आमच्याच घरातून येत होता.

बाबा जाकिटाला इस्त्री करत होते. आधी त्यांनी ओल्या फडक्यानं मातीचे डाग पुसून काढले होते, मग नेहमीसारखं पाणी शिंपडून, घोंगडीवर पसरून, सुरकुत्या काढायला निखाऱ्यांनी भरलेली इस्त्री फिरवली होती. आयुष्यात त्यांनी इस्त्रीनं सरळ न झालेलं कापड पाहिलं नव्हतं. चामडं आक्रसलं. पाठ एका बाजूनं गोळा झाली, खांद्यावर काळा डाग उमटला, बाह्या लाकडासारख्या कडक झाल्या. माय खिडकी उघडून सुपानं वारा घालत होती. बाबांनी इस्त्री बाजूला उभी केली होती आणि ते भिंतीला टेकून बसले होते. ज्या वासापासून माझा आजा गाव सोडून पळाला, तो त्यांच्याच घरात, त्यांच्याच इस्त्रीतून निघाला होता.

"सुरकुत्या काढाव म्हटलं," ते मला म्हणाले. "पह्यल्यासारखं करून देवाव तुले. खराब करून टाकलं म्या."

त्यांच्या तोंडावर लाज होती. माझ्यापुढे त्यांना लाज वाटत होती! मला म्हणायचं होतं, बाबा, खराब तर ते आधीच झालं होतं. पण मी दळणाचा डबा खाली ठेवला आणि तिथेच उभा राहिलो.

आठवडाभरानं तेच नाटक अमरावतीला स्पर्धेत होणार होतं. जाकीट जळलं, असं मी दिग्दर्शकाला सांगितलं. "बघू तरी किती जळलं," म्हणून तो आणि नायक संध्याकाळी स्कूटरवरून आमच्या वस्तीत आले. माझ्या घरी कॉलेजातलं कोणी येण्याची ती पहिलीच वेळ. येणार असल्याचं मी घरी सांगून ठेवलं होतं. बाबा मिलमधून येऊन, आंघोळ करून, पांढरा सदरा घालून दारात उभे होते. स्कूटर थांबली तसे ते पुढे झाले आणि त्यांनी माझ्या वयाच्या त्या दोन पोरांपुढे हात जोडले.

"साहेब, पोराची चुकी नाही. जाकीट म्या जाळलं. त्याले नाटकातून काढू नोका."

बाबांनी कोणाला 'साहेब' म्हणून हाक मारलेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. बाबा मिलच्या मॅनेजरलासुद्धा नुसतं 'मॅनेजर' म्हणत. मी त्या टोळक्यात कशाच्या जोरावर बसतो, हे त्यांनी मागच्या रांगेतून एका दुपारीत ओळखलं होतं. जाकीट गेलं की पोरगाही जाईल, हे त्यांना कळलं होतं. मला आधीपासून कळत होतं आणि मी ते स्वतःला कळू देत नव्हतो, एवढाच आमच्यात फरक. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी आमच्या दारात अनुभवलं.

दिग्दर्शक गोंधळला. "काका, अहो, काढतो कशाला?" म्हणत तो आत आला, आणि मायनं खुंटीवरून काढून दिलेलं जाकीट त्यानं उजेडात धरलं. त्याचे डोळे विस्फारले. "अरे, हे तर जबरदस्त झालंय! आम्ही इतके दिवस घासत होतो, पण असं नाही जमलं. काका, केलं कसं तुम्ही?"

तो मनापासून बोलत होता. पण बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ही पोरं आपली थट्टा तर करत नाहीत ना, हे त्यांना माझ्या तोंडावरून समजून घ्यायचं होतं. मी मान खाली घातली. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

"न्या," ते म्हणाले. "वापस नोका आणजा."

मायनं केलेला चहा पोरं उभ्याउभ्याच प्याली आणि जाकीट घेऊन गेली. मी अमरावतीला जाणार नाही असं ठरवलं होतं. पण जायच्या सकाळी हवालदाराचा गणवेश घडी करून, वर्तमानपत्रात गुंडाळून उशाशी ठेवलेला होता. "जा," बाबा म्हणाले. "त्याच्यासाठीच तं हात जोडले." मी गेलो, काठी घेऊन दाराशी उभा राहिलो आणि परत आलो. बक्षीस मिळालं नाही. जाकीट पुढे कुठे गेलं मला माहीत नाही, मी विचारलं नाही. कँटीनमध्ये जागा धरणं मात्र मी बंद केलं.

पुढच्या हिवाळ्यात मामा सुट्टीवर आला. जेवताना त्यानं विचारलं, "काय रे भाच्या, जाकीट काहून नाही घातलं?"

"मामा, थे म्या..." मी सुरुवात केली.

"तू चूप," बाबा म्हणाले. "म्या जाळलं तं म्याच सांगीन." आणि त्यांनी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. पाणी कसं शिंपडलं, इस्त्री कशी दाबली, जाकीट कसं आखडत गेलं, माय सूप घेऊन कशी धावली. नाटकाचं, विटेचं, कोपरांचं नावही काढलं नाही. मामाला हसून हसून ठसका लागला. "वा भाऊजी! चामड्यावर इस्त्री!"

मग ती आमच्या घराण्यातली गोष्टच झाली. लग्न असो, बारसं असो, मामा म्हणायचा, "भाऊजी, जाकिटाचं सांगा," आणि बाबा उठून, सदरा सारखा करून, सगळं पुन्हा करून दाखवायचे. आमच्या त्या नाटकात त्यांच्याइतका चांगला नट कोणी नव्हता. पुढे एकदोनदा मी त्यांना एकट्याला गाठून म्हणालो की आता खरं सांगून टाकतो. त्यांनी हात झटकला. "माया नावावर हसून राहिले ना? हसू दे. तुया नावावर नाही हसले पाह्यजे."

बाबा गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं जेवून बसली होती. म्हाताऱ्या मामानं डोळे पुसत ती गोष्ट काढली. पाणी शिंपडण्याचा हात त्यानं बाबांसारखाच केला, आणि रडता रडता सगळे हसले. मग सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हसतो का ते बघायला.

मी हसलो. मला ते जमतं. माझा हात त्या बागेतच बसला होता.